राक्षसाची अर्धी उघडी चेन

जगातला सर्वांत टुकार सिनेमा सर्वांत जास्त वेळा पाहिलेला माणूस नवीन पनवेलमध्ये, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहत होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. हे आमचे तळमजल्यावरचे काका. मुंबईत एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. काका ज्यू. शुक्रवारची संध्याकाळ झाली की त्यांच्या घरात शब्बाथचे दिवे लागत, आणि मराठी मात्र ते आम्हा सगळ्यांपेक्षा अस्सल बोलत. त्यांचे बहुतेक नातेवाईक एकेक करून इस्रायलला निघून गेले होते. "तुम्ही नाही जात का?" असं कुणी विचारलं की काका म्हणत, "दोन हजार वर्षांपूर्वी आमचं गलबत फुटलं ते इथल्याच किनाऱ्यावर. आता पुन्हा कोण बसतंय बोटीत?"

त्यांचा धाकटा भाऊ मात्र बसला. नव्वद सालच्या आसपास त्याचं पत्र आलं की तिकडे एका इंग्रजी सिनेमात काम लागलंय. काकांनी त्या आनंदात मलिदा केला आणि ते गूळ-खोबऱ्याचे पोहे तीन मजले चढून स्वतःच्या हाताने घरोघर दिले. पुढे कुणाच्या तरी सामानातून त्या सिनेमाची कॅसेट आली, आणि आमच्या बिल्डिंगचे रविवार कायमचे बदलले.

दर महिन्या-दोन महिन्यांनी दुपारी जेवणं आटोपली की काकांच्या हॉलमध्ये सतरंजी पसरली जायची. गोष्ट अशी की काही शास्त्रज्ञ यानातून एका परग्रहावर उतरतात आणि तिथला राक्षस त्यांना एकेक करून खातो. भीती वाटायची ती फक्त पहिल्या खेपेला, तीही सुरुवातीची पाच मिनिटं. कारण काका हातात फूटपट्टी घेऊन टीव्हीशेजारी उभे राहत आणि गणिताच्या मास्तरांसारख्या चुका दाखवत. "ही बघा, परग्रहावर विजेची तार. ह्यांचं बिल कोण भरतं?" यानाचा दरवाजा म्हणजे उघडउघड फ्रिजचा दरवाजा होता. मेलेला शास्त्रज्ञ गालावरचा डास मारायचा. काकांची लाडकी चूक मात्र एकच. राक्षस पाठमोरा होतो तेव्हा त्याच्या रबरी कातड्याची चेन अर्धी उघडी असते आणि आतून बनियन दिसतं. तिथे चित्र थांबवून काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. "बघा, बघा, विश्वाचा संहार करायला निघालाय, बनियन घालून!"

दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी न चुकता विचारायच्या, "पण ह्यात तुमचे भाऊ कुठले हो?" काका गालातल्या गालात हसत. "आहे, आहे. शोधा की." तोंड न दिसणारं पात्र एकच असल्यामुळे तो राक्षसच असणार हे आम्ही एकमताने ठरवून टाकलं. पोरं काकांना मागून 'राक्षसाचा भाऊ' म्हणत, आणि त्यात धाक कमी, अभिमान जास्त होता. काकांनी ते कधी खोडलं नाही.

मी तेव्हा नुकताच इंजिनीअरिंगला गेलो होतो, म्हणजे सगळं कळण्याच्या वयात होतो. माझ्या लक्षात आलं की बनियनच्या प्रसंगानंतर लगेच काकांची फूटपट्टी खाली जाते, ते गप्प होतात, आणि नेमकी तिथेच एक भलीमोठी चूक आहे. यानाच्या बोळात, पडद्याच्या अगदी कडेला, एप्रन घातलेला, पसरट कानांचा एक माणूस किटली घेऊन येतो, कॅमेरा बघून दचकतो आणि मागे सरतो. एका रविवारी मी काकांच्या हातातून फूटपट्टीच घेतली. "काका, ही चूक तुमच्याकडून राहिली." मी कॅसेट मागे नेऊन तो तुकडा पुन्हापुन्हा दाखवला. खोली हसून हसून लोळली. एक पोरगा 'चाय गरम' ओरडत तसाच दचकून दाखवायला लागला. मला चेव चढला. मी म्हटलं, "कापला पण नाही बघा. कोण बघतंय त्याला, चहावाला तर आहे."

काका पडद्याकडे बघत होते. "हो रे, राहिलीच ही," ते म्हणाले, आणि हसले. जरा उशिरा हसले.

त्यानंतर सतरंजी पसरली गेली नाही. विचारलं की काका सांगत, व्हीसीआरचं हेड खराब झालंय. आमचं घर बरोबर वर. रविवारी दुपारी त्या सिनेमाचं भिकार संगीत खालून मला स्पष्ट ऐकू यायचं.

दिवाळीला मी फराळाचं ताट घेऊन गेलो. काकांच्या शोकेसमध्ये दोन भावांचा फोटो होता. शंभरदा पाहिलेला, पण त्या दिवशी धाकट्याचे पसरट कान दिसले, थेट त्या किटलीवाल्याचे. काकांनी माझ्या हातातलं ताट घेतलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं कळलं होतं.

"त्या सगळ्यांना चहा पाजायचा तो," ते म्हणाले. "राक्षसालासुद्धा. आत उकडायचं ना त्या बिचाऱ्याला, म्हणून शूटिंगच्या मध्ये ह्यानेच त्याची चेन उघडायची आणि कप हातात द्यायचा. एकदा लावायची राहिली."

तेव्हा दोन शब्द बोलायला हवे होते. मी म्हटलं, "काका, चकली घ्या ना."

पुढे काका रिटायर झाले, भावाने बोलावून घेतलं. "ह्या वेळी विमान आहे म्हणून बसतोय," असं सगळ्यांना सांगत त्यांनी निरोप घेतला. त्यांच्या बॅगा मी रिक्षापर्यंत नेल्या. इतकी वर्षं जिभेवर ठेवलेली माफी तिथे तरी मागायची, असं घरून ठरवून निघालो होतो. काका रिक्षात बसले, बॅग मांडीवर घेतली आणि बाहेर डोकावून म्हणाले, "तिकडे गेलो की पहिलं त्याला सांगणार. म्हणावं, एवढ्या जणांनी एवढ्यांदा बघितला सिनेमा, पण तुला शोधून काढणारा एकच निघाला. आमच्या वरच्या मजल्यावरचा."

रिक्षा सुरू झाली. मी हात हलवला. तेवढंच जमलं.