मूठभर कोंड्याची खरेदी

बाळंतपणाच्या आठवणी निघाल्या की बायका हळव्या होतात. माझं तसं होत नाही. मला आधी वास आठवतात. फिनाईलचा, उकळलेल्या सुयांचा, एरंडेलाचा, आणि नागपूरच्या मे महिन्यात तीन बायका एका खोलीत घामेजून पडल्या की जो एक आंबूस वास साचतो, त्याचा. खिडकीला खसाची ताटी होती. आया दुपारी तिच्यावर एकदाच पाणी मारायची आणि मग संध्याकाळपर्यंत तोंड दाखवायची नाही.

सत्तरीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मला नववा लागला होता आणि रक्तदाब चढला होता, म्हणून धंतोलीतल्या एका छोट्या खाजगी प्रसूतिगृहात मला आधीपासूनच भरती केलं होतं. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. अंगठी साबण लावून काढावी लागली होती. जरा आडवं झालं की घशाशी आंबट पाणी. आरशात एक फुगलेली, पुरळ उठलेली बाई दिसायची आणि तिची मला शिसारी यायची. लोक म्हणायचे, चेहऱ्यावर तेज आलंय.

खोलीत तीन खाटा. मधली माझी. खिडकीकडची खाट नंदनवनाकडे राहणाऱ्या एका शिक्षिकेची होती. तिलाही पहिल्यांदाच दिवस होते. मधेच रक्त गेल्यामुळे डॉक्टरीणबाईंनी तिला उठायचं नाही अशी ताकीद दिली होती. दाराकडच्या खाटेवर उमरेडकडच्या एका खेड्यातली बाई. तिची ही तिसरी खेप. शेतकरी घरातली, अंगानं काटकी, पोट मात्र एवढं की वाटायचं, पोटालाच हातपाय फुटलेत.

दिवसभर करायचं काय? कोणाचं पोट किती खाली उतरलं, कोणाचं बाळ रात्री लाथा मारतं, कोणाला खडू खावासा वाटतो. शिक्षिका हसून म्हणायची, "मी तर वर्गात फळ्याजवळ उभी राहून खाल्लेत, ताई. पोरं मोजायची." मग नावं. माझ्या सासूबाईंनी पंचांगातून अक्षरं काढून ठेवली होती आणि मला त्यातलं एकही आवडत नव्हतं. शिक्षिकेचं ठरलेलं होतं. "मुलगा झाला तर राहुल, मुलगी झाली तर महामाया. माझ्या बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी आठ वर्षांची होते. माझं आधीचं नाव त्यांनी त्याच आठवड्यात बदललं. आधीचं सांगत नाही मी कोणाला. शिवी होती ती, नाव नव्हतं."

"आणि तुम्ही?" मी दाराकडच्या बाईला विचारलं.

"आमच्यात सासू ठेवते," ती म्हणाली. "ठेवून झालं हाये. पोरगा झाला तं उकंडा."

उकंडा म्हणजे उकिरडा. मला वाटलं ती गंमत करते आहे, म्हणून मी हसले. ती हसली नाही.

तिचे आधीचे दोन्ही मुलगे गेले होते. एक सातव्या दिवशी, एक आठव्या. दोघांचंही सारखंच. आधी दूध तोंडात धरेनात, मग जबडा आवळला, मग अंग धनुष्यासारखं वाकलं. हे तिनं छताकडे पाहत सांगितलं. शिक्षिका कोपरावर उठून बसली. "नाळ कोणी कापली होती?"

"सासूनं. विळ्यानं."

"वर काय लावलं?"

"काय लावतेत? शेण. वरून गोवरीची राख."

शिक्षिकेनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं, धनुर्वात.

सासू रोज यायची. हुडकेश्वरला भाच्याकडे उतरली होती. तेव्हा ते शहराबाहेरचं खेडंच होतं. खाटेच्या पायाशी बसून ती दातांवर तंबाखूचा गुडाखू घासायची आणि तपकिरी थुंकी तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. डबा खाटेखालीच राहायचा. आया तो उचलायची नाही, म्हातारी विसरायची. दुपारच्या उन्हात तंबाखूचा तो वास खोलीभर फिरायचा. मी पदर नाकाशी धरून भिंतीकडे तोंड करायची.

एक दिवस शिक्षिकेनं तिला नावाबद्दल छेडलं.

"पाचव्या दिवशी लेकराले उकंड्यावर निजवाचं, शेण लावाचं," म्हातारी म्हणाली. "यमाले किळस आली पाहिजे वं. त्यानं पाहून तोंड फिरवलं पाहिजे. गोजिरवाणं ठेवलं, का नेते तो."

"अहो आजी, शेणानंच गेलीत दोन्ही नातवंडं! शेणातून रोग जातो नाळेत."

"मंग इचा नवरा कसा जगला? माही तीन गेली होती त्याच्या आंधी. मीनं त्याले उकंड्यावरच निजवला होता. जगला का नाही?" तिनं डब्यात थुंकून बोटानं दात घासायला पुन्हा सुरुवात केली.

दोन दिवसांनी पहाटे दाराकडची बाई बाळंत झाली. मुलगा. डॉक्टरीणबाईंनी नाळ बांधली, औषध लावलं आणि बजावलं की ती गळून पडेपर्यंत कोणाचाही हात लागता कामा नये. म्हातारीनं मान हलवली आणि डॉक्टरीणबाई गेल्यावर लेकाला सांगितलं, "परवा गाडी आण. पाचवी घरीच करू." तो मुंडी खाली घालून उभा राहिला. बायकोला इस्पितळात आणायचं धाडस त्यानं एकदा केलं होतं. तेवढंच त्याच्यात होतं.

तो गेल्यावर ती बाई रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी. आणि तेव्हा मी शहाणपणा केला. माझ्या आजीकडून ऐकलेलं आठवलं. मी म्हातारीला म्हटलं, "उकंडाच कशाला पाहिजे? कोंड्याला विकतात ना पोर? मूठभर कोंडा घेऊन दुसऱ्याला द्यायचं. मग ते आपलं उरतच नाही, यम शोधत आला तरी सापडत नाही. नाळ पडली की परत घ्यायचं."

म्हातारीचं दात घासणं थांबलं. तिला ते ठाऊक होतं. तिच्या माहेरी करत. तिनं खिडकीकडे बोट केलं.

"मंग या बाईले इकतो."

"मलाच का?" शिक्षिकेनं विचारलं.

"तुमचा हात चालते. यम तुमच्या दारात पाय ठेवत नाही." आणि मग समजूत घालावी तशा आवाजात, "वाईट नको मानू, बाई. रीतच हाये तशी. हलक्या हातालेच इकतेत."

महामाया हे नाव म्हातारीनं ऐकलं होतं तर. ऐकून जात ताडली होती आणि इतके दिवस त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

शिक्षिकेचा चेहरा आधी लाल झाला, मग अगदी कोरा. ती माझ्याकडे वळली. "तुम्ही काहून नाही घेत, ताई? कल्पना तुमची आहे."

मी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, "त्याईच्या हातानं नाही चालत. त्या वरच्या हायेत."

मला हायसं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं, आणि वर मी म्हणाले, "बाळासाठी आहे हो. त्यानं आपलं काय जातं?" आपलं म्हणाले. त्या शब्दाची मला अजून लाज वाटते.

शिक्षिका भिंतीकडे तोंड करून पडली. दुपार गेली, चहा आला, तिनं घेतला नाही. संध्याकाळी ती बाळंतीण उठली. खाटांच्या कडा धरत, टाके सांभाळत, वाकून चालत खिडकीपर्यंत गेली. तिच्या लुगड्याला रक्ताचा डाग लागला होता. तिनं शिक्षिकेच्या पायांना हात लावला.

"घ्या ना जी माह्या लेकराले. तिसरं बी गेलं तं मी काय करू?"

शिक्षिका उठून बसली. "घेते. पण खरंच घेते. नाटक नाही. पोरगं माझं, माझा हुकूम. नाळ पडेपर्यंत इथून हलायचं नाही. साबणानं हात धुतल्याशिवाय कोणी शिवायचं नाही. आजी, तुम्हीसुद्धा नाही. शेण, राख काही नाही. कबूल?"

म्हातारीनं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी तिनं फडक्यात कोंडा बांधून आणला. पोराची किंमत म्हणून शिक्षिकेनं द्यायचा कोंडा तो, पण आणला म्हातारीनंच, आणि तिच्या हाती देताना वरून टाकला, बोटाला बोट लागू नये म्हणून. शिक्षिकेनं तो मुठीत घेतला आणि म्हातारीनं पुढे धरलेल्या सुपात टाकला. मग तिनं बाळ घेतलं. खोलीत कोंड्याचा धुरळा उडाला, मला शिंका आल्या. बाळ झोपलेलं होतं.

पुढचे सहा दिवस शिक्षिकेनं खाटेवरून राज्य केलं. आयेला ओरडून तिनं चादरी बदलायला लावल्या. गुडाखूचा डबा बाहेर फेकायला लावला. एवढे दिवस नाक दाबून पडण्यापलीकडे मला काही सुचलं नव्हतं. म्हातारी तिच्या धाकात होती. विकलेल्या पोरावर आपला हक्क नाही हे तिनं मनापासून मानलं होतं. नातवाला पाहायचं तर दारातून विचारायची, "पाहू का, बाई?" नवव्या दिवशी नाळ वाळून पडली. बाळ दूध ओढत होतं. त्याचा जबडा सैल होता, मुठी उघडझाप करत होत्या.

बाप नवीन लुगडं घेऊन आला. पोर सोडवून न्यायचं तर विकत घेणाऱ्याला काही द्यावं लागतं. शिक्षिकेनं लुगड्याला हात लावला नाही. खिडकीत तिची सुरई होती. तिच्यातलं पाणी पेल्यात ओतून तिनं म्हातारीपुढे धरलं.

"माझी किंमत ही आहे. हे प्या आणि घेऊन जा."

म्हातारी पेल्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ आत ओढले गेले. बाळाला पाहून यमाला जी किळस यायला हवी होती, ती मी तिच्या तोंडावर पाहिली, पेलाभर पाण्यापायी. लेक म्हणाला, "माय." म्हातारीनं डोळे मिटले आणि एका दमात पेला रिकामा केला. बाळ उचललं, सुनेच्या ओटीत दिलं आणि व्हरांड्यात गेली. मग आम्हाला नळ सोडल्याचा आवाज आला, आणि चुळा. एक, दोन, तीन. खाकरून खाकरून भरलेल्या चुळा.

शिक्षिकेनं सगळं ऐकलं. ते लोक गेल्यावर ती मला म्हणाली, "मला वाटलं होतं बरं वाटेल. पण मळमळून राहिलं, ताई."

तीन आठवडे ती सुरई माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी त्यातलं घोटभर पाणी कधी घेतलं नव्हतं. माझ्यासाठी घरून उकळलेलं येतं, असं मी स्वतःला सांगत आले होते. तिनं मला प्या म्हटलं असतं तर मी प्याले असते, बहुतेक. पण तिनं पेला विसळून पालथा घातला आणि मला काही विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. मला त्याच संध्याकाळी शस्त्रक्रियेला नेलं. शुद्धीवर आले तेव्हा मी दुसऱ्या खोलीत होते. ती घरी गेली त्या दिवशी दारात क्षणभर उभी राहून म्हणाली, "येते, ताई. सांभाळा." माझ्या मुलीच्या बारशाला कोणाकोणाला बोलवायचं याची यादी मीच केली. तीत तिचं नाव नव्हतं. कोणी मला अडवलं नव्हतं. मीच लिहिलं नाही.

आठ-दहा वर्षांनी एस.टी. स्टँडवर मला ती खेड्यातली बाई भेटली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. म्हातारी मागच्या साली गेली होती. मुलगा सोबत होता, लुकडा, चपळ, गुडघे सोललेले.

"मास्तरीणबाई भेटतात का?" मी विचारलं.

"दोनदा न्योता धाडला जी. नाही आल्या. त्याईच्या जागी मी असती तं मीबी नसती आली." मग तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमी जाता का त्याईच्याकडे?"

मी नाही म्हटलं.

तेवढ्यात गाडी लागली. गर्दी दाराकडे धावली. मुलगा खिडकीतून आत घुसून दोन जागांवर आडवा पडला. ती बाहेरून हात उंचावून ओरडली, "उकंडा, पिशवी घे! ए उकंडा!" आजूबाजूचे लोक फिदीफिदी हसले. मुलानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याचं तोंड रागानं लालबुंद झालं होतं.

"शाळेतलं नाव घे ना वं, माय!"