बिघाड म्हणायचं नाही

माझी नणंद एकोणतीस वर्षं एका मोठ्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते. हातानं नव्हे हो! खोलीएवढं यंत्र, त्यात दोन तापलेले रूळ. अलीकडून दोघींनी ओली चादर सरकवायची, पलीकडून ती कडक होऊन बाहेर. रुळासमोर आडवी लाल पट्टी असते. हात आत ओढला जातोय असं वाटलं की पट्टी दाबायची, यंत्र जागच्या जागी थांबतं. थांबायला हवं. ते थांबत नव्हतं, आणि तसं सांगायला तिथं शब्दच उरला नव्हता.

झालं काय, दीड वर्षापूर्वी नवे साहेब आले. गोड माणूस. आल्या आल्या म्हणाले, आजपासून आपण कामगार नाही, कुटुंब. कुटुंबात बिघाड नसतो, 'सुधारणेची संधी' असते. तक्रार नसते, 'भावना' असते. जुने शब्द वापरील तो 'नकारात्मक'. आणि नकारात्मक बाईशेजारी डबा उघडून कोण बसणार? तीन महिन्यांत सगळ्याजणी घरीसुद्धा तसंच बोलू लागल्या. एकदा नणंद मला म्हणते, "वहिनी, भाजीत मिठाची संधी आहे." मी म्हटलं, "सरळ अळणी म्हण की गं!"

पट्टी दाबली तरी यंत्र उशिरा थांबतं, हे तिनं नोंदवहीत लिहिलं. एकदा नाही, अकरा वेळा. अर्थात संधी म्हणूनच. आता गंमत ऐका. फिटर वही चाळायचा तो 'बिघाड' शोधत. संधीची पानं जायची ऑफिसात, आणि जिच्या संधी जास्त, तिचा फोटो फळ्यावर! त्याच एका पट्टीपायी बाईसाहेब दोनदा 'महिन्याच्या उत्साही' ठरल्या, फुलं घेऊन घरी आल्या. मी कपाळाला हात लावला. आणि एवढं शिकून मी तिला सल्ला काय दिला? "आठ महिन्यांत निवृत्त होशील, गप्प राहा." चुकलंच माझं.

मग एका सोमवारी तिच्या जोडीदारणीची बाही रुळात गेली. ही जोडीदारीण चांगली आडदांड बाई, सगळ्या तिला पैलवान म्हणतात. अंगात जोर होता म्हणून हिसका देऊन सुटली. बाही फाटली, मनगट भाजलं. साहेबांनी लगेच सगळ्यांना गोळा केलं. "आज आपल्या ताईंना एक शिकण्याचा अनुभव मिळाला. टाळ्या!"

आणि टाळ्या वाजल्या! खुद्द पैलवानानं वाजवल्या, फडकं गुंडाळलेल्या हातानं.

माझी नणंद उभी राहिली. "साहेब, यंत्र बिघडलंय."

"ताई, शब्द जपून. आपण कुटुंब आहोत ना?"

"म्हणून तर सांगते. घरी गॅस गळला तर मी संधी म्हणत बसत नाही, आधी बंद करते."

"हे फार नकारात्मक होतंय."

"होऊ दे. आठ महिने राहीन नकारात्मक." तिनं ओली चादर रुळात सरकवली नि ओरडली, "पैलवान, दाब पट्टी!"

पट्टी दाबली. चादर चाललीच. एक, दोन, तीन... तेव्हा कुठं यंत्र थांबलं. हातभर चादर आत. नणंदेनं आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत सरळ करून सगळ्यांना दाखवला. "एवढी संधी!"

 मग मागून आवाज आला, "आमच्याही यंत्राची पट्टी बिघडलीय." "आमचीपण!" फिटर धावत आला. "अहो, मग बिघाड लिहायचा ना! मला काय स्वप्न पडणार?" त्यानं तिन्ही यंत्रं बंद केली. नोंदवहीपुढं रांग लागली, बायका एकमेकींच्या हातातून पेन ओढत होत्या!

दुपारी फोनवर नणंदेचा आवाज मावत नव्हता. "वहिनी, नव्या पट्ट्या बसतायत! आणि फळ्यावरचा माझा फोटो उतरवला!" दोन्ही बातम्या एकाच दमात. शिवाय नकारात्मक वर्तनाबद्दल समज देणारं पत्र मिळालं होतं. ते तिनं जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवलं.

पैलवान तडक साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, मी पण बिघाड लिहिलाय. माझं पत्र कुठंय?"