बुडबुड्याच्या आत

ताई गेल्याचं मला वडिलांनी, म्हणजे आबांनी कळवलं. मी नागपूरला शाळेत शिकवते. सकाळी शाळेला निघायच्या घाईत असताना फोन वाजला. "वंदी उठून नाई राह्यली. मले चहा कोन देईन?" एवढंच. गावी, पवनारला पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं... ताईला डेंग्यू झाला होता. डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं, पण आबांच्या जेवणाचं कोण बघणार, म्हणून ती घरीच राहिली. शेजारणीनं आबांना चहा करून दिला होता. तो पाणचट होता, ही तक्रार त्यांनी मला ताईच्या देहासमोर ऐकवली.

वांगी-मेथी वर्धेच्या बाजारात नेणाऱ्या आमच्या घरातून माझी मोठी बहीण वंदना पुण्याला जाऊन खगोलशास्त्रज्ञ झाली. दूरच्या आकाशगंगांमध्ये क्ष-किरणांचे फार प्रखर स्रोत असतात. त्यांच्याभोवती वायूचे अवाढव्य बुडबुडे फुगतात, त्यांचा ती अभ्यास करायची. आबा पाहुण्यांना सांगत, "आमची वंदी फुगे मोजते. जत्रेत विकत काऊन नाई, देव जाणे." पाहुणे हसत. ताईही हसायची, पण त्या हसण्याला धार असायची.

आई गेली आणि पाठोपाठ आबांना लकवा झाला. डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. हैदराबादचा भाऊ म्हणाला, ताईचं काम लॅपटॉपवर चालतं, ते कुठूनही होईल. ती काही महिन्यांसाठी आली आणि अडकली. सांभाळायला बाया ठेवून पाहिल्या. एकीला आबांनी चोर ठरवलं, दुसरीच्या कपाळावर वाटी फेकून मारली. हळूहळू शेजारपाजारही येईनासा झाला. ती स्टीलची वाटी त्यांच्या उशाशीच असायची. चमच्यानं वाजवली की ताईनं हजर व्हायचं.

एका दिवाळीला तिनं आबांच्या खाटेशेजारच्या स्टुलावरच्या लॅपटॉपवर मला एक बुडबुडा दाखवला. तांबूस कडं आणि आत जवळजवळ मोकळं. "मधात कृष्णविवर हाय," ताई म्हणाली. "शेजारच्या ताऱ्याले ओरपून राह्यलं. पन इतकं हावरट, का सगळं गिळता येत नाई. उरलेलं असं जोरानं भाईर फेकते, का आजूबाजूचा वायू पार दूर लोटला जाते. शेकडो प्रकाशवर्षं."

"मंग आत कोन राह्यते?"

तिनं आबांकडे पाहिलं. "दोघंच. खानारा, आन ज्याले खाऊन राह्यला तो."

"पळून काऊन नाई जात तो तारा?"

"बांधलेला हाय न," ती म्हणाली. तेवढ्यात वाटी वाजली आणि ती उठली. बुडबुड्याचा आकार आणि फुगण्याचा वेग यांवरून हे खाणं किती काळ चालू आहे ते काढता येतं, असं तिनं मला परत आल्यावर सांगितलं. लाखो वर्षं, म्हणाली.

पुढच्या वर्षी परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीवर निरीक्षणासाठी तिला बोलावणं आलं. ती किती खूश होती! आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "जा न. मी मेलो का जाजो." ती गेली नाही. आधी आबा, मग आपण, हाच हिशेब बापलेकींनी मनोमन पक्का धरला होता... आणि आधी गेली ती ताई.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी दिवा लावतात, पीठ पसरतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी पिठात जे पाऊल दिसेल, त्या जन्माला जीव गेला म्हणायचं. भावानं टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं होतं. आत्या कुजबुजली, "पाऊल नाई उमटलं." खाटेवरून आबा बोलले, "उमटन कसं? वंदी जाते कुठं? इथंच हाय ते." मला त्या क्षणी त्यांचा इतका तिटकारा आला की मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि तिथं त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.

तेरवी उरकून भाऊ हैदराबादला परतला. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "मंगला, तू आहेस, आता काळजी नाही." माझी रजा संपली, मग मी बिनपगारी घेतली. शाळेतून फोन येतात. आजकाल मी उचलत नाही. बाई मिळते का म्हणून गावभर विचारलं. आबांचं नाव निघालं की बाया मान हलवतात. स्टुलावर ताईचा लॅपटॉप तसाच आहे, मी रोज त्यावरची धूळ पुसते. वाटी एकदा माळ्यावर लपवून पाहिली, तर आबांनी दिवसभर अन्न घेतलं नाही. मीच ती काढून पुन्हा त्यांच्या उशाशी ठेवली.

आत्ताही वाजते आहे. "वंदे! ए वंदे!" माझं नाव मंगला आहे, हे त्यांना पक्कं माहीत आहे. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे.

"आली, आबा," मी म्हणते.