डावीकडची जागा

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची प्लाटून पश्चिम सीमेवर होती. खंदकात माझ्या डाव्या हाताला लान्स नाईक बिरू. तो माझ्याच गावचा, सांगोल्याकडचा. गावच्या गजी नाचातही तो माझ्या डावीकडेच असे. पहाटे तोफा सुरू झाल्या. "टेक कव्हर!" एवढं ऐकलं. पुढचं आठवतं ते थेट मिलिटरी हॉस्पिटल.

तोफगोळ्याची कपची डोक्यात शिरली होती. डावा पाय ऐकेना, तोल राहीना. बिरू गेल्याचं तिथंच कळलं. घरी सोडताना डॉक्टर मेजरसाहेब म्हणाले, "रोज चालायचं. पडलास तरी चालायचं."

मी हुकमाचा ताबेदार. अंगणात स्वतःलाच कवायतीचे हुकूम सोडू लागलो. उजवीकडे वळणं जमे. "बाएं मुड" म्हटलं की जमीनदोस्त. कोंबड्या पांगत, आई तोंडाला पदर लावून हसे. मलाही हसू येई.

शेवटी आबा, माझे वडील, म्हणाले, "परेड पुरं झाली की. मेजरसायबानं चाल म्हणलंय, वरडत चाल न्हाय म्हणलं. ढोलावर पाय टाक."

गजीचा ढोल आबांचाच. मेंढरं सोडायच्या आधी ते तो वाजवत आणि मी हातात रुमाल घेऊन पावलं टाकी. सुरुवातीला ढोल इतका संथ, की कुत्रंही जांभई देई. हळूहळू चाल वाढली, पायात जोर आला. डावी गिरकी मात्र काही केल्या जमेना.

बिरोबाची जत्रा आली. रिंगणात पडला तो त्या वर्षापुरता बाहेर, ही आमची रीत. तरी मला नाचायचंच होतं. डावीकडची जागा गड्यांनी रिकामी ठेवली होती. तिथं बिरूचे वडील, धुळाकाका, येऊन उभे राहिले. हातात बिरूचा पिवळा रुमाल.

"काका, मी डावीकडं कलंडतो."

"ठावं हाय. कलंड की. मी हाय न्हवं हितं."

ढोल चढला. गिरकीला मी कलंडलो. काकांच्या खांद्याला खांदा लागला, त्यांनी रेटा दिला, मी सरळ. पुढच्या गिरकीलाही तसंच. त्यानंतरच्या गिरकीला मात्र खांदा लागलाच नाही, मी आपला आपणच सरळ.

"सुटला रं सुटला," काका ओरडले. अख्खं रिंगण हसत होतं. मीही हसत होतो, आणि डोळ्यांना धार लागली होती. इतका आनंद मला मेडल मिळतानाही झाला नव्हता.

काका होते तोवर दर जत्रेत माझ्या डावीकडे उभे राहिले. आता ते नाहीत. ती जागा आम्ही मोकळी ठेवतो. गिरकी घेताना मी मनातल्या मनात हजेरी घेतो: लान्स नाईक बिरू.