मागचा पाटा

लिही गं प्रांजल, सिकंदरचं लिही. गावातल्या येका मानसाचं सांग म्हनलीस, तर दुसऱ्या कुनाचं सांगू?

सिकंदर आपल्या गावचा मनेर. त्येचा बा मान तालुक्यातल्या बाजारांत बांगड्या भरायचा, माज्या लग्नातला चुडा त्येच्याच हातचा. सिकंदर मोठा झाला तसा मुंबईला टेम्पोवर गेला, आनि परत आला ती येक जुनी व्हॅन घिऊनच. तवापास्नं गावात कुनाचं दुखलं-खुपलं की त्येचीच गाडी. "जमनार न्हाई" आसं त्येच्या तोंडनं मी आईकलेलं न्हाई. पन येक खोड हाय बग. मानूस निम्मं बोलतो आनि निम्मं पोटात ठेवतो. त्येची बायको शाहजादी म्हनती, "ह्यांनी 'आलो' म्हनलं की इचारायचं, कुठनं आलो, कुनाला घिऊन आलो, जेवून आलो का तसंच." गाडीसंगट मातर घडाघडा बोलतो. चढ लागला की, "चल गं बाय, थोडंच ऱ्हायलंय," आसं लाडीगोडीनं चालतं त्येचं.

गेल्या साली तुज्या आज्याला एडक्यानं धडक दिली, ते तुला म्हाईतच हाय. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला दवाखान्यात आपरेशन झालं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी डाक्टर म्हनलं, "आजी, उद्या न्या घरी. पन वाटंत धक्का बसता कामा न्हाई. हाड हललं तर पुन्ना कापायला लागंल." दवाखान्याची गाडी देतो म्हनलं, तर कोंडीबा म्हातारा काय म्हनला? "त्या गाडीकडं बगून लोकं रस्त्यात हात जोडत्यात. मी सिकंदरच्याच गाडीतनं जानार." हट्टच धरला. मग सिकंदरला सांगावा धाडला, त्यो सकाळीच निगाला. आमी कापडाचं गठुडं बांधून वाट बगत बसलो.

आनि फोन वाजला.

"वैनी, मागचा पाटा मोडला."

"आँ! आनि कसा काय?"

"कसा म्हंजे, लय दिस झालं हुतं. धाडदिशी आवाजच आला. आता नवी जोडी घातल्याबिगर दादाला घरी न्यायाचं न्हाई. तुमच्या आकारामला सांगा सांगलीत जोडी बगायला. मी माज्या भाच्याकडं जातोय, नईमकडं. तितं घिऊन ये म्हनावं." आनि फोन बंद.

आता मागल्या दाराला आपला पाटा हाय का न्हाई? सासूच्या येळचा, चटनी वाटायचा. आमी दवाखान्यात आसल्यावर घरी कोंबड्या बगायला शाहजादी जायाची. मला वाटलं, तिच्या हातनं काय तरी पडलं त्येच्यावर. आनि माजी सासू म्हनायची, मोडका पाटा घरात ठिऊ नये. त्यो बी नेमका मानूस घरी न्यायच्या दिवशी मोडावा! म्हनलं, बगा, सिकंदरला बी आपल्या घरची रीत म्हाईत हाय. जोडी म्हंजे काय, पाटा आनि वरवंटा. दुसरं काय आसनार?

लगीच माज्या भावाला, आकारामला फोन लावला. त्यो सांगलीतच ऱ्हातो. म्हनलं, "पाटा-वरवंट्याची जोडी घे, चांगली टाकी लावून खडबडीत केल्याली, आनि नईमकडं पोच कर."

"आक्के, याड लागलं का तुला? दाजींना घरी न्यायाचं हाय का चटनी वाटायची हाय?"

"तू आन बाबा. त्येच्याबिगर न्यायाचं न्हाई म्हनतोय सिकंदर."

ह्ये म्हाताऱ्यानं आईकलं. "म्हंजे आज बी न्हाई व्हय?" म्हनला आनि भिंतीकडं त्वांड करून निजला. ताटातला भात तसाच. मला तर रडूच आलं. कवाधरनं दिस मोजत हुता बिचारा.

आता फुडचं मला आकारामनं सांगितलं. सांगलीत नईमचं ग्यारेज. व्हॅनचं मागचं बूड वर उचलून ठेवल्यालं, चाकं काढल्याली, नईम गाडीखाली. सिकंदर भाईर येरझाऱ्या घालतोय. तितं रिक्षा थांबली आनि आकाराम उतरला, खांद्यावर पाटा, काखंत वरवंटा, घामाघूम.

"घ्या सिकंदरभाय, जोडी."

नईम गाडीखालनं सरकत भाईर आला, पाट्यावर हात फिरवला आनि म्हनला, "मामू, ह्यो डाव्या चाकाला बसवू का उजव्या?"

आकाराम तापला. "माजी चेष्टा करता व्हय? तुमीच म्हनला न्हवं मागचा पाटा मोडला!"

"आरं गड्या, गाडीचा!" सिकंदरनं कपाळावर हात मारला. "मागच्या चाकावर लोखंडाच्या पट्ट्या आसत्यात, येकावर येक, कमानीवानी वाकल्याल्या. गाडीचा भार त्येच्यावर. त्येला पाटा म्हंत्यात!"

मग माजा फोन वाजला. आधी नुसतं हसनंच आईकू आलं, मग सिकंदर. मी म्हनलं, "म्हंजे माजा पाटा धड हाय?"

"तुमचा धड हाय वैनी, मोडलाय माजा. दादाला सांगा, आजच न्हेतो."

मी म्हाताऱ्याला हलवून सांगितलं. त्येनं कूस बदलली न्हाई, पन हात मागं करून म्हनला, "भात दे हिकडं."

पन गाडी इतकी जुनी, की तिचं पाटं दुकानात मिळंनात. नईम आनि आकाराम भंगार बाजार पालथा घालून आलं. शेवटाला कमान-पाट्याच्या कारागिराकडं जोडी मिळाली. सिकंदर म्हनला, "मोडलाय येकच, दोन्ही कशाला?" नईम म्हनला, "मामू, येक नवा आनि येक जुना दबल्याला घातला, तर गाडी येका अंगाला कलती. पेशंट कुठल्या अंगावर निजनार?" सिकंदर म्हनला, "मग घाल दोन्ही." गंजल्यालं बोल्ट निगता निगंनात, घन मारून मारून काढलं.

पाटं बसलं तर गाडीनं मागनं शेपूट वर केल्यावानी केलं. मोकळी फिरवून आनली, तर टनाटना उडती! सिकंदरचं त्वांड उतरलं. नईम म्हनला, "नवं पाटं ताठच आसतं. मागं वजन टाका, मग बसंल."

तिघांनी बी येकदमच वळून त्या दगडाकडं बगितलं.

झालं! पाटा-वरवंटा पोत्यात गुंडाळून सीटाखाली टाकला, आकारामला बी मागं बसवला, का तर त्यो जाड हाय. मिरजेत आलं, म्हाताऱ्याला गादीवर आडवा घातला, मी त्येचं पाय मांडीवर धरून बसले.

सगळ्या वाटंत सिकंदर येक शबुद आमच्याशी बोलला न्हाई. गतिरोधक दिसला की पार थांबायचा, मग, "हळू गं, आत दादा हाय," म्हनत गाडी वर चढवायचा. मागनं ट्रकवाला भोंगा वाजवायचा, तर काच खाली करून हात दाखवायचा, जा बाबा फुडं. म्हातारा डोळं मिटून, दात आवळून पडल्याला. दुखतंय का म्हनलं तर बोलायचा न्हाई. मला वाटलं, कळा सोसतोय.

गाडी थांबली तवा दिस मावळायला आला हुता. म्हाताऱ्यानं डोळं उघडलं.

"का थांबला रं? पुन्ना मोडली व्हय?"

"न्हाई दादा, घर आलं."

"खोटं बोलू नगंस. गावाआधीच्या वड्यातला मोठा खड्डा आजून आला न्हाई. त्येच्यासाठनंच आवळून पडलोय म्या कवाधरनं."

"आवं, त्यो मागंच ग्येला!"

म्हातारा माज्याकडं बगायला लागला. मी मान हलवली. मग त्येनं आवळल्याली मूठ सोडली, बोटं हलवून बगितली, आनि हसला. सिकंदरनं स्टेरिंगवर डोकं टेकवलं. मग उतरला, डोळं पुसलं आनि म्हनला, "चला, आता चादरीसकट उचला. घाई करू नगा."