जीप कोण चालवत होतं?

नोकरीतले कितीतरी गुन्हे विसरलो, पण दरीत गेलेल्या त्या जीपचा तपास अजून लक्षात आहे. लक्षात आहे म्हणण्यापेक्षा टोचतो, असं म्हणणं जास्त खरं होईल.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी लखनऊच्या एका ठाण्यात नवा सब-इन्स्पेक्टर होतो. आम्ही मराठी, वडील इथे रेल्वेत गँगमन. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिकलेल्या माणसांसमोर मी तेव्हा जरा दबूनच असायचो.

पहाडातल्या एका ठाण्याकडून कागद आले. इंदिरा नगरातले चार मराठी मित्र दोन जीप घेऊन दरवर्षी डोंगरात जायचे. पक्का रस्ता सोडून ओढ्यांतून, देवदारांच्या जंगलातून कच्च्या वाटांनी गाड्या न्यायच्या, हीच त्यांची हौस. यंदा मागची जीप घसरून दरीत गेली. तीत बसलेल्या एका मित्राचं, शास्त्रज्ञांचं, मांडीचं हाड मोडलं. जीप त्यांच्यातल्याच एका बँक मॅनेजरची. कागदांप्रमाणे ती त्यांचा पगारी ड्रायव्हर चालवत होता आणि अपघातानंतर तो पळाला होता. त्याला शोधून जबाब घेण्याचं काम माझ्याकडे आलं.

आधी मॅनेजरसाहेबांच्या घरी गेलो. उजव्या अंगठ्याला प्लॅस्टर होतं. डाव्या हातानं त्यांनी पोह्यांची प्लेट पुढे केली.

"घ्या हो इन्स्पेक्टरसाहेब! इथे आपल्या भाषेत बोलणारा पोलीस भेटतो कुठे? मित्राला वर काढताना हा अंगठा गेला बघा. पण जीव वाचला, बस."

मी इन्स्पेक्टर नव्हतो, पण ते सांगितलं नाही. मग हॉस्पिटलात जाऊन शास्त्रज्ञांचा जबाब लिहून घेतला. दोन्ही जबाब जुळले.

तिसऱ्या दिवशी निशातगंजच्या एका पंक्चरवाल्यानं खबर दिली, की ड्रायव्हर विकास नगरात आहे. तिथे नवी घरं बांधली जात होती आणि त्याचा मेहुणा चौकीदार होता. आम्ही गेलो तेव्हा ड्रायव्हर विटांवर बसून भाजी चिरत होता. पन्नाशीचा, पहाडी माणूस. पळाला नाही. हात पुसत उठला.

"ग़लती हमसे हुई साहब. चलिए."

माझ्याबरोबरचे दीवानजी, म्हणजे ठाण्याचे हवालदार, खूश झाले. "लीजिए साहब, केस खतम! लाइसेंस भी गया, जेल अलग से."

ड्रायव्हरनं मान खाली घातली. गाडी चालवण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

परतताना रस्ता खड्ड्यांचा, खडीचा होता. आमचा शिपाई स्टेअरिंग घट्ट धरून जीप रेटत होता. मागून ड्रायव्हर हळूच म्हणाला, "भैया, अंगूठा अंदर मत रखो. पहिया पत्थर से टकराया तो स्टेअरिंग झटके से घूमेगी, हड्डी तोड़ देगी."

"वाह!" शिपाई हसला. "जीप पलटाने वाले उस्ताद अब हमें सिखाएँगे!"

दीवानजीही हसले. मला मात्र हसू आलं नाही.

"पहाडात सगळे अंगठा बाहेर ठेवूनच धरतात?" मी हिंदीत विचारलं.

"जो जानता है, वो साहब. अनाड़ी ही अंगूठा तुड़वाता है."

मी त्याला हात दाखवायला सांगितलं. दोन्ही अंगठे धड होते. मग विचारलं, "मॅनेजरसाहेबांचा कसा मोडला?" तो बाहेर बघू लागला. ठाण्यात चहा दिला, तेव्हा बोलला.

"चढाई खराब थी. मैंने कहा, साहब, यहाँ मुझे दीजिए. बोले, हर साल तू ही चलाएगा क्या? मैं उतरकर आगे हाथ से रास्ता दिखा रहा था. बाद में बोले, तू निकल जा, कहना तू चला रहा था. नौकरी पक्की, वकील मैं करूँगा. पंद्रह साल का नमक है साहब."

मी पुन्हा हॉस्पिटलात गेलो. पुढची जीप वळणापलीकडे होती, म्हणजे पाहणारे शास्त्रज्ञ एकटेच. "गाडी कोण चालवत होतं?" एवढंच विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. "परवा तुम्ही हे विचारलंच नाहीत. ड्रायव्हर किती वेगात होता, असं विचारलंत. मी म्हटलं, फार नव्हता. मित्र आहे हो तो माझा. पण आता सरळ विचारताय... तोच चालवत होता."

मॅनेजरसाहेबांनी फार वाद घातला नाही. "त्याला मी काही कमी पडू देणार नव्हतो," एवढं म्हणाले.

"आणि जेलमध्ये?" मी विचारलं.

आरोपी बदलला. ड्रायव्हरला जमा केलेलं लायसन्स परत दिलं, तेव्हा त्यानं ते कपाळाला लावलं आणि घाबरत विचारलं, "साहब की नौकरी तो नहीं जाएगी?"

पुढे मी नव्या पोरांना शिकवायचो, तेव्हा त्यांना हा तपास सांगायचो. ती नेहमी मॅनेजरवर चिडायची. मी त्यांना म्हणायचो, आधी माझ्यावर चिडा. त्या पहिल्या जबाबात शास्त्रज्ञ खोटं बोलले नव्हते. ड्रायव्हर हा शब्द त्यांच्या तोंडात मीच घातला होता, आणि मीच तो कागदावर उतरवून घेतला होता.