मामांची नीरा

सर्व संबंधितांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, जागतिक तापमानवाढीने आमच्या घराण्यातला पहिला बळी घेतला आहे. मामा ठणठणीत आहेत. गेली ती त्यांची कीर्ती.

मामा डहाणूचे निवृत्त मास्तर आणि व्यसनमुक्तीचे कट्टर प्रचारक. "माझ्या तोंडाला कुणाला वास आला, तर गाव सोडेन," ही त्यांची जाहीर प्रतिज्ञा. यंदा उन्हाळा असा तापला की त्यांना उन्हाळी लागली, लघवीला आग. त्यातच तलासरीकडच्या एका पाड्यावर तापमानवाढ आणि आरोग्य यावर त्यांचं भाषण ठरलेलं, शेवटी व्यसनमुक्तीची शपथ. मी सकाळीच त्यांना स्कूटरवरून घेऊन निघालो.

उधव्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक मावशी नीरा विकत होती. "उन्हाळीवर रामबाण," म्हणत मामांनी बाटली भरून घेतली.

"लगेच प्या, मास्तर. आता रातीपण गरम असते, टिकत नाय."

"मला शिकवू नकोस. पाळण्यात होतो तेव्हापासून पितोय."

बाटली डिकीत गेली. पाड्यावर पाहुण्यांची वाट बघता बघता ऊन चढलं. पूर्वी नीरेला ताडी व्हायला जरा वेळ तरी लागायचा. हल्ली ती न्याहारीलाच बिघडते. भाषणाआधी मामांनी बाटली एका दमात रिकामी केली.

"जरा आंबूस आहे," ते म्हणाले. "म्हणजे गुणकारी असणार."

एरवी मामांचं भाषण म्हणजे निर्जलीकरण, उष्णताजन्य विकार अशा शब्दांची मालगाडी. फाटक उघडेपर्यंत लोक झोपलेले असतात. त्या दिवशी मामा टेबलावर बसले आणि पाय हलवू लागले.

"बायांनो, भर दुपारी चिकू उतरवायला जाऊ नका. डोकं गरगरलं की सावलीत बसा, पाणी प्या. मालक ओरडला तर त्यालाही शेजारी बसवा. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडलं. मला विचारा ना. मला तर आग होते आग, मास्तर असूनसुद्धा."

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग शपथ द्यायला मामा उठले, हात पुढे केला, आणि मंडपाच्या खांबाला प्रेमाने मिठी मारली.

पहिल्या रांगेतल्या आजीने पुढे वाकून हवा हुंगली. तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं हसू पसरलं. मामांनी तोंडावर हात ठेवला. मी स्कूटरची किल्ली चाचपली.

आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मास्तर, दर टायमाला असेच पिऊन येत जा. आज तुमचा सगळा समजला."